पडलेल्या विश्वासी माणसाला परतीची वाट आहे

माननीय संपादक महोदय,

एकदा विश्वास ठेवून बाप्तिस्मा घेतलेल्या माणसाचे तारण, म्हणजे पापापासूनची सुटका, जाऊ शकते का, आणि गेलेच तर ते पुन्हा मिळते का, हा प्रश्न पुण्यातील मराठी ख्रिस्ती घरांत वारंवार निघतो. पंथापंथांची उत्तरे निरनिराळी आहेत. देवाने निवडलेला विश्वासी शेवटपर्यंत राखला जातो, असा निर्णय 1618-19 च्या, नेदरलँड्समधील डॉर्ट येथील कॅल्विनवादी धर्मसभेने दिला. विश्वासी खरोखर पडू शकतो आणि पश्चात्तापाने परतही येऊ शकतो, असे मेथडिस्ट पंथाचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांनी अठराव्या शतकात शिकवले. तर घोर पापाने गमावलेली कृपा प्रायश्चित्त संस्काराने पुन्हा लाभते, असे कॅथलिक पंथ मानतो. सोयरिकींमुळे आपल्याकडे ही तिन्ही मते कधी कधी एकाच घरात नांदतात, आणि त्यात मला काही वावगे वाटत नाही.

मला खटकते ते वेगळेच. बायबलमधील इब्री लोकांस पत्राच्या सहाव्या अध्यायातील चौथ्या ते सहाव्या ओव्या (विश्वासापासून पतन पावलेल्यांना पुन्हा पश्चात्तापाकडे आणणे अशक्य, असे म्हणणाऱ्या) दाखवून, पडलेल्या माणसाला ‘आता तुला वाट नाही’ असे सांगणारे काही उपदेशक आहेत. आमच्या मंडळीतील एक गृहस्थ दारूच्या नादाने बरीच वर्षे दूर गेले होते. दारू सोडून ते उपासनेला येऊ लागले, तरी प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकर व द्राक्षारस घेण्याच्या विधीच्या, वेळी सगळी रांग पुढे सरकली की ते पाय आत घेऊन इतरांना वाट करून देतात आणि स्वतः बाकावरच बसून राहतात. हीच वचने कोणीतरी त्यांच्या मनात रुजवली आहेत. ख्रिस्ताला जाणूनबुजून, उघडपणे झिडकारणाऱ्यांना दिलेला तो इशारा रडत परत आलेल्या माणसावर लादणे मला अन्यायाचे वाटते. त्याच अध्यायाच्या नवव्या ओवीत लेखक आपल्या वाचकांविषयी तारणाचीच खात्री व्यक्त करतो, ती ओवी मात्र कोणी वाचून दाखवत नाही.

मंडळीपुढे हा पेच नवा नाही. इ. स. 250 मध्ये सम्राट डेशियसच्या छळाला भिऊन अनेक ख्रिस्ती लोकांनी रोमी देवतांना बळी अर्पण केले. छळ ओसरल्यावर ते परत आले, तेव्हा रोममधील नोव्हेशियन या धर्मगुरूने त्यांना पुन्हा सहभागितेत घेण्यास विरोध केला. परंतु कार्थेजचे बिशप सिप्रियन आणि रोमचे बिशप कॉर्नेलियस यांनी, पश्चात्तापाची नीट पारख करून, त्यांना परत घेण्याची बाजू धरली, आणि मंडळीने तीच वाट स्वीकारली. त्यांचा बाप्तिस्मा पुन्हा केला गेला नाही, हे आज परतलेल्यांना पुन्हा पाण्यात उतरवू पाहणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

योहान 10:28 मधील ‘माझ्या हातातून कोणी हिसकावून घेणार नाही’ या आशयाच्या वचनावर माझाही भरवसा आहे. मात्र त्याच्या आधीच्याच ओवीत मेंढरे वाणी ऐकतात आणि मागे चालतात, असे म्हटले आहे. मागे चालणे सोडून त्या वचनाच्या आधारावर निर्धास्त राहणे मला शास्त्राला धरून वाटत नाही. पेत्र या शिष्याने येशूला तीनदा नाकारले, पण तो नाकारण्याआधीच प्रभूने त्याच्यासाठी प्रार्थना केली होती आणि वळल्यावर भावांना स्थिर करण्याचे कामही त्याच्यावर सोपवले होते (लूक 22:32).

शहरातील पाळकांना माझी विनंती आहे की, प्रभुभोजनापूर्वी पापांगीकार घेताना परतलेल्यांसाठी मेज खुले असल्याचे त्यांनी स्पष्ट शब्दांत सांगावे, आणि जे तरीही बाकावरच बसून राहतात त्यांच्या घरी त्याच आठवड्यात जाऊन यावे.

आपला नम्र,
एक वाचक, पुणे