आई, तो टॉवेल आहे

नागासाकी
9 फेब्रुवारी

ती. अप्पा, आई आणि अव्वा यांना शि. सा. नमस्कार.

पत्र बघून घाबरू नका, मी बरी आहे. फोनवर अप्पा स्पीकर लावतात, मागं टीव्ही चालू असतो, आई मधेच रडते आणि माझी सुट्टीची दहा मिनिटं संपतात. म्हणून लिहायला बसले. काम, खोली, जेवण सगळं मागच्यासारखंच. शेंगाचटणी अजून अर्धी बरणी शिल्लक आहे.

आधी फोटोचं. आई, मी डोक्यावर पांढरं घेऊन चर्चवाल्यांत उभी दिसले आणि तू मावशीला ‘पोरगी बाटली’ म्हणून सांगूनही टाकलंस. तो टॉवेल आहे. आपल्या सोलापूरचा, तूच बॅगेत कोंबलेला. मोठा करून बघ, काठाला निळी रेघ दिसेल. वरून बर्फाळ पाऊस, छत्री आजींवर धरलेली, मग माझ्या डोक्यावर काय घेऊ? इथल्या बायका मिस्सेला, म्हणजे चर्चच्या प्रार्थनेला, जाळीची पांढरी ओढणी घेतात खरं, पण ती बाप्तिस्मा झालेल्यांची. त्यांच्या प्रसादाची पातळ चकतीही त्यांनाच. मी व्हीलचेअरचा ब्रेक दाबून उभी होते, तेवढंच.

आजी म्हणजे आमच्या वृद्धाश्रमातल्या, इथल्याच उराकामी भागातल्या. नव्वदी ओलांडली. पहिल्या दिवशी मी ‘इंडिया’ म्हटल्यावर त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, “गोंसारो-सान!” तेव्हापासून माझं नाव तेच. मला वाटलं, वय झालंय, कुणाशी तरी गल्लत होते आहे. नंतर कळलं, हा गोन्सालो गार्सिया आपल्या वसईचा! बाप पोर्तुगीज, आई तिकडचीच. आपल्याला वसई म्हणजे केळी आणि चिमाजी अप्पा. तिथल्या एका माणसाचा पुतळा नागासाकीत आहे, हे मला एका जपानी म्हातारीनं सांगावं!

हा धर्मगुरू नव्हता. आधी जपानात धर्म शिकवण्याचं काम केलं, मग व्यापार, मग मनिलात फ्रान्सिस्कन पंथाच्या मठात बंधू म्हणून शिरला. जपानी इतकं चांगलं की 1593 मध्ये फादर पेद्रो बाप्तिस्ता यांच्याबरोबर दुभाष्या म्हणून परत आला. (मी तीन वर्षं शिकते आहे, अजून औषधांच्या पाकिटावरचं धड वाचता येत नाही.) पुढं तिथला तेव्हाचा सत्ताधीश हिदेयोशी याची मर्जी फिरली. क्योतो आणि ओसाकात 24 ख्रिस्ती लोकांना धरलं, प्रत्येकाच्या डाव्या कानाची पाळी कापली आणि ऐन थंडीत पायी नागासाकीला आणलं. 5 फेब्रुवारी 1597 ला निशिझाका टेकडीवर क्रुसावर बांधून भाल्यांनी मारलं. सगळ्यात लहान लुईस, 12 वर्षांचा. रोमनं 1862 मध्ये सगळ्यांना संत केलं. त्याला शंभर वर्षं झाली तेव्हा, 1962 साली, टेकडीवर ब्राँझचे पुतळे एका ओळीत उभे केले. क्रूस नाहीत, नुसती माणसं, पाय अधांतरी. दरवर्षी त्या तारखेच्या आसपास तिथं उघड्यावर मिस्सा होते. आजींना जायचं होतं आणि न्यायला मी.

आता गंमत ऐका. निघाले 24 आणि मारले 26. वरचे दोघे कैदी नव्हतेच. त्यातला एक क्योतोचा सुतार. वाटेत कैद्यांना हवं-नको बघायला हे दोघे मागं चालत गेले, तर शिपायांनी त्यांनाही ओळीत घातलं. माझी नजर आपली त्या दोघांना शोधत राहिली. आजींना विचारलं, कुठले? त्या म्हणाल्या, मला नाही ठाऊक, तू गोंसारोकडे बघ.

मी म्हटलं, आमच्या गावातही चार हुतात्मे आहेत. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन, इंग्रजांनी 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात फाशी दिलेले. गड्डा यात्रेच्या गर्दीत आपण त्यांच्या चौकातून जायचो आणि अप्पा मला खांद्यावर घेऊन हार मोजायला लावायचे, तेही सांगितलं. आजींनी चारही नावं म्हणून बघितली. ‘धनशेट्टी’ला दात नसल्यामुळं अडकल्या. मग म्हणाल्या, “माझे पूर्वज हुतात्मे नव्हते. अधिकारी दरवर्षी पवित्र चित्र जमिनीवर ठेवायचे, ते पायानं तुडवून दाखवायचं. आमच्यांनी तुडवलं आणि रात्री घरी येऊन माफी मागितली. म्हणून मी आहे.” अडीचशे वर्षं ही माणसं अशी लपून राहिली, ख्रिस्ती धर्मावरची बंदी उठली 1873 मध्ये. मला बोलायला काही सुचलं नाही. त्यांच्या गुडघ्यावरून चादर घसरत होती, ती नीट केली. हो, तीच, मोराची. अव्वा, रागावू नकोस, तुझीच चादर आहे, पण तिथं वारा फार होता.

आता ओमियागेचं सांगते, कारण मागच्या वेळी दादा हसला होता. इथं कोणी सुट्टीवर, अगदी अर्ध्या दिवसाच्याही, गेलं की परत येताना सगळ्यांना खाऊ आणायचा. आवडीनं नव्हे, ‘मी नव्हते, तुम्हाला त्रास झाला’ म्हणून. प्रत्येक तुकडा वेगळ्या पाकिटात हवा. एकही कमी पडला तर चालत नाही आणि दोन-तीन उरले तर कोण खाणार म्हणून सगळे त्याच्याकडं बघत बसतात. आम्ही 14 जण. सुट्टीवरच्यांचाही धरायचा, त्यांच्या टेबलावर चिठ्ठी लावून ठेवायचा. मग द्यायचं कसं? ‘हे अगदीच काही नाही’ असं म्हणत. महाग असलं तरी. समोरच्यानं लगेच खायचं नाही, आणि दुसऱ्या दिवशी भेटल्यावर ‘काल छान होतं’ असं परत म्हणायचं. मी टेकडीवर गेले होते चार तास, तेही आजींना घेऊन, म्हणजे कामावरच! तरी कास्तेला आणला. हा इथला प्रसिद्ध केक, मूळ पोर्तुगीजांनी आणलेला, तळाशी साखरेचे खडे. अंडं असतं. अव्वासमोर हे वाचू नका.

बरं. येनचा भाव पडलाय, म्हणून या महिन्यात 30,000 च पाठवते. उरलेले एप्रिलमध्ये. अप्पा, सोसायटीच्या कर्जाचा हप्ता आधी भरा, मंडपवाल्याला नंतर द्या. धाकटीच्या लग्नाला मी येणारच असं म्हटलं होतं. सुट्टी पाच दिवस मिळतेय, त्यात दोन येण्याजाण्यात. अक्षतेला असेन, हळदीला धरू नका. तिला शालू माझ्याकडून, रंग तिचा तिनं ठरवावा.

अक्कलकोटच्या स्थळाला नाही म्हणू नका, पण हो पण म्हणू नका. मुलगा चांगला असेल, मी कुठं नाही म्हणते? ‘तिकडं राहून हिला कोण करणार’ असं मावशी म्हणाली ते मला कळलंय.

आणि अव्वा डिसेंबरमध्ये न्हाणीत पडली, हे मला धाकटीकडून जानेवारीत कळावं? मी काळजी करीन म्हणून सांगितलं नाही म्हणे.

तुमची,
चिमी

ता. क. अव्वाला उठवताना दादा हात धरून ओढतो, व्हिडिओत बघितलं. ओढू नका, खांदा निखळेल. तिला आधी खुर्चीच्या कडेला सरकवा. पाय गुडघ्याच्या मागं घ्यायला सांगा. समोर बसून तिला पुढं वाकू द्या. नाक पायाच्या बोटांच्या पुढं आलं की ती आपोआप उठते, फक्त कमरेला हात ठेवा. आणि ‘एक, दोन, तीन’ मोठ्यानं म्हणा, तिला डाव्या कानानं कमी ऐकू येतं.