घारापुरीच्या बंदरावर अँब्युलन्स बोट हवी

संपादक साहेब,
घारापुरी म्हटलं की लोकांना फक्त लेणी आठवतात, पण शेतबंदर, मोराबंदर, राजबंदर या 3 गावांत आम्ही पिढ्यानपिढ्या राहतोय हो. 2018 ला समुद्राखालून केबल टाकून लाईट आली, खूप बरं वाटलं, पण संध्याकाळी पर्यटकांची शेवटची लाँच गेली की आम्ही अडकलोच. मागच्या पावसाळ्यात रात्री आईला दम लागला तर शेजाऱ्यांच्या होडीत गोणपाट अंथरून तिला झोपवलं, वर ताडपत्री धरली आणि उरणच्या मोरा जेट्टीला नेलं, वाटभर तिचा हात गार लागत होता. सोमवारी तर लेणी बंद म्हणून गेटवेच्या लाँचपण नसतात. एक अँब्युलन्स बोट बंदरावर कायम उभी ठेवा, प्लीज.
- एक घारापुरीकर