धोकादायक इमारतीच्या नोटिशीला अहवाल आणि मोजमाप जोडा

महोदय,

पावसाळा तोंडावर आला की मुंबई महापालिका अतिधोकादायक म्हणजे 'सी-१' इमारतींची यादी जाहीर करते. त्यानंतर दारावर महापालिका अधिनियमाच्या कलम ३५४ ची, म्हणजे इमारत रिकामी करून पाडण्याची, नोटीस चिकटते आणि मालक व भाडेकरू यांच्यात जुंपते. इमारत खरोखरच पडायला आली आहे की कोणाला ती पाडायची आहे, ही भाडेकरूंची शंका अनाठायी नसते. तिचे उत्तर स्ट्रक्चरल ऑडिटच्या, म्हणजे इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीच्या, अहवालात असते, पण तोच त्यांच्या हाती पडत नाही. नोटिशीसोबत संपूर्ण अहवाल, निदान चाचण्यांचे तक्ते, प्रत्येक खोलीधारकाला देणे पालिकेने बंधनकारक करावे.

तक्ते वाचायला अभियंताच हवा असे नाही. अल्ट्रासोनिक चाचणीत ध्वनिलहरींचा वेग सेकंदाला ३.५ किमीच्या वर असेल तर काँक्रीट चांगले, ३ च्या खाली असेल तर संशयास्पद. मात्र प्लास्टर न काढता किंवा ग्रीस न लावता चाचणी घेतली तर चांगल्या कॉलमचाही वेग कमी दिसतो. सळईचा विद्युतदाब मोजणाऱ्या हाफ-सेल चाचणीत उणे ३५० मिलिव्होल्टपेक्षा खाली आकडा गेला की सळई गंजत असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून अधिक. उणे २०० च्या वर असेल तर फारशी चिंता नाही. कार्बोनेशन, म्हणजे हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने काँक्रीटचा अल्कधर्म कमी होणे, पाहण्यासाठी ताज्या तोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलीन हे रंगदर्शक द्रावण शिंपडतात. गुलाबी झाले तर सळईचे संरक्षण शाबूत, रंगच आला नाही आणि तो बिनरंगी थर सळईपर्यंत पोहोचला असेल तर गंज धरायला वाट मोकळी. गंजलेली सळई फुगते, काँक्रीटला सळईच्या रेषेत तडा जातो आणि स्लॅबचे पोपडे पडू लागतात. शौचालयालगतचे बीम आणि तळमजल्याचे कॉलम यांचे आकडे आधी पाहावेत.

उलट बाजूनेही फसगत होते. काँक्रीटवर आपटून उसळी मोजणारा रिबाउंड हॅमर केवळ पृष्ठभागाचा कडकपणा सांगतो. कार्बोनेशनने जुन्या काँक्रीटचा वरचा थर कडक होतो, त्यामुळे आकडा प्रत्यक्ष ताकदीपेक्षा चढा येतो. इमारत ठणठणीत असल्याचा दाखला निव्वळ हॅमरवर बेतलेला असेल तर त्याच्या भरवशावर झोपू नये; काँक्रीटचा आतला गोल तुकडा (कोअर) काढून दाबचाचणी करायला लावावी. गिरगाव-परळच्या लाकडी तुळयांच्या, लादीकोब्याच्या (लाद्यांवर चुन्याचा थर घातलेल्या जमिनींच्या) चाळींना तर काँक्रीटच्या या चाचण्या लागूच पडत नाहीत. तिथे भिंतीत शिरलेले तुळईचे टोक उघडून पाहावे लागते, कारण कुजते ते तिथेच. अशा चाळीच्या अहवालात पानेच्या पाने अल्ट्रासोनिकचे आकडे असतील तर ऑडिटरने काय तपासले, हे विचारावेच.

मालकाचा अहवाल एक सांगतो आणि भाडेकरूंचा दुसरा, तेव्हा प्रकरण पालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीकडे जाते. कुर्ल्याच्या नाईक नगरमधली इमारत २७ जून २०२२ च्या रात्री कोसळली आणि १९ जण गेले. ती आधी 'सी-१'मध्ये होती, नंतरच्या दुसऱ्या ऑडिटने तिला दुरुस्तीयोग्य ठरवले होते. दोन अहवालांत असा फरक पडला की समितीने कागद चाळून थांबू नये, स्वतः जागेवर चाचण्या करून घ्याव्यात आणि निर्णय होईपर्यंत पोलादी टेकू लावून घ्यावेत.

आता मोजमापाबद्दल, कारण घर सोडायला लोक कचरतात ते मुख्यतः यामुळेच. भिंती पडल्या की खोली १८० चौरस फुटांची होती की २२५, हे कोण सांगणार? मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे इमारत पाडण्याआधी प्रत्येक भाडेकरूच्या ताब्यातले चटई क्षेत्र, म्हणजे भिंतींच्या आतली वापराची जागा, पालिकेने मोजून नोंदवायचे असते. प्रत्यक्षात हे काम पोलीस बंदोबस्त दारात उभा असताना उरकले जाते, किंवा राहूनच जाते. इमारत व कारखाने खात्याच्या अभियंत्यांनी ते नोटीस लावतानाच करावे. खोलीचा आराखडा, आतून आतपर्यंतची लांबी-रुंदी, भाडेपावतीवरचे नाव, प्रत्यक्ष राहणाऱ्याचे नाव, आणि खाली दोघांच्या सह्या, एवढा एक कागद. त्याची शिक्क्याची प्रत भाडेकरूला तिथल्या तिथे मिळावी. पुढे विकास नियंत्रण नियमावलीच्या ३३(७)(अ) खाली पुनर्विकासाचा प्रस्ताव आला की वाद निम्म्यावर येतील. सामाईक शौचालय आणि गॅलरी खोलीच्या क्षेत्रात धरू नये, वेगळी नोंदवावी. घोळ नेहमी तिथेच होतो.

भाडेकरूंनीही भाडेपावत्या, वीजबिले आणि खोलीचे चहूबाजूंनी काढलेले फोटो एप्रिलमध्येच इमारतीबाहेर कुणाकडे तरी ठेवावेत. इमारत 'सी-२'मध्ये, म्हणजे दुरुस्तीयोग्य वर्गात, असून मालक दुरुस्तीला हात लावत नसेल, तर महापालिका अधिनियमाच्या कलम ४९९ खाली भाडेकरूंना ती करून घेऊन खर्च मालकाकडून वसूल करता येतो. विभाग कार्यालयांनी नोटिशीच्या खाली मराठीत ही एक ओळ छापली, तरी पुष्कळ इमारती 'सी-१'पर्यंत जाणारच नाहीत.

– एक बांधकाम सल्लागार, दादर