आप्पांचं नाव कुठं लिहू?

सांगली, १८ ऑक्टोबर २०२४

प्रिय बाळ्या,

गेल्या दिवाळीपासून तुला चार ओळी लिहिल्या नाहीत, वहिनींचा फोनही उचलला नाही. चूक माझीच. शुगर आटोक्यात, आईचा गुडघा तसाच. ते राहू दे.

परवा कोजागरीला रात्री आप्पा घरी आले. एकटे, एसटीनं. दूध दिलं तर पेला हातात धरून बसले. वर साय धरली तरी तोंडाला लावला नाही. मग टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाले, "माझं नाव पाठवतोस न्हवं?" बाळ्या, त्यांनी आपल्याला जन्मभर कामं सांगितली, मागितलं कधी काही नाही.

सोमवारी विधानसभेच्या तिकिटासाठी पक्षाचे निरीक्षक मुलाखतींना येतायत. इच्छुक अकरा, खरे तीनच. तालुक्यानं क्रम लावून नावं द्यायची आणि कागद माझ्याकडं. २९ तारखेला अर्जाची मुदत संपते, म्हणजे मागाहून फिरवाफिरवी नाही.

साखर कारखानदारांचे चिरंजीव आले ते "पैशाची काळजी करू नका" म्हणतच. उमेदवाराच्या खर्चाची मर्यादा ४० लाख! माझं मन तिथंच उडालं. ज्याचं ऊसबिल थकलंय त्याच्या दारात यांना घेऊन मी कुठल्या तोंडानं जाऊ?

राहिल्या बाई. त्यांची झेडपीची मुदत २०२२ च्या मार्चात संपली, तेव्हापासून प्रशासक. पद नाही, तरी सकाळी त्यांच्या ओट्यावर माणसं असतातच. मागच्या आठवड्यात गेलो तर शंभर पानी वही उघडून बसलेल्या. कुठल्या गावात पाण्याचं आवर्तन शेवटच्या शेतापर्यंत पोचलं नाही, कुणाच्या ऊसबिलातून पाणीपट्टी दोनदा कापली, सगळं गटनंबरासकट. टेंभू उपसा योजनेच्या पाण्यावर भाषणं ठोकणारे ढीगभर आहेत रे, अशी वही कुणाकडं नाही.

आणि आप्पा. बूथवार यादी घेऊन रात्रभर बसलो. निम्म्या बूथांवर त्यांचा म्हणून जो माणूस होता तो एकतर वारला, नाहीतर पोराकडं पुण्याला गेला. नवी पोरं त्यांना ओळखतही नाहीत. बायपासनंतर जिना चढताना दोनदा थांबतात. सभा कशा करणार?

लोकसभेला आघाडीच्या जागावाटपात सांगलीची जागा दुसऱ्या पक्षाला गेली आणि लोकांनी अपक्ष निवडून दिला. माणूस चुकला की लोक चिन्ह बघत नाहीत, हे पंचायत समितीच्या वेळी तू घसा फोडून सांगत होतास. आठ महिने बोललो नाही आपण त्यावरून. तुझं बरोबर होतं, लिहून देतो. पण माझी राजदूत मोटरसायकल विहिरीकडच्या बांधावर घातलीस, त्याला माफी नाही.

तुझी शिफ्ट बदलली का? पोरगीची दहावी ना यंदा? तिला म्हणावं, काकानं पेन घेऊन ठेवलाय.

कागदावर पहिलं नाव बाईंचं लिहिलंय. खाली आप्पांचं लिहायला गेलो आणि हात उचलेना. त्यांना हे निरीक्षकांच्या तोंडून कळायला नको. म्हणून रविवारी त्यांच्या माडीवर जाऊन मीच सांगणार आहे. पत्र भाच्याबरोबर पाठवतोय, उद्या तुझ्या हातात पडेल. पहाटेची गाडी धर. दोघं असलो तर ते रागावतील, शिव्या घालतील. मी एकटा गेलो तर नुसते गप्प बसतील, आणि ते मला सोसायचं नाही.

तुझा,
दाद्या