शिक्षणमंत्र्यांना खुलं पत्र: आमच्या पोरांनी लिहिलेली पानं गेली कुठं?

मा. प्राथमिक शिक्षणमंत्री साहेब, बेंगळूरु यांस,

नमस्कार. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका मराठी शाळेतल्या पोराचा मी बाप, एसडीएमसीत, म्हणजे शाळेच्या विकास-देखरेख समितीत पण आहे. गेल्या वर्षी एक साहेब आमच्या चौथीच्या पोरांनी लिहिलेली पानं घेऊन गेले, बघून मराठीत मार्गदर्शन पाठवतो म्हणाले. परवा गठ्ठा आला तो कन्नड मॉड्यूलचा, म्हणजे कन्नडमधल्या मार्गदर्शन पुस्तिकांचा, आणि पानं विचारली तर रद्दीत गेली म्हणतात. रद्दीत!

काय होतं त्यात सांगतो. बाईंनी विषय दिलेला, गावाला सकाळची जादा बस पाहिजे का, तुमचं मत लिहा. गाईडातला पाठ केलेला निबंध नाही. माझ्या पोरानं लिहिलं, 'बस पाहिजे कारण पावसात चालत आलं की वह्या भिजतात आणि पहिला तास बुडतो.' बाईंनी सगळी पानं टेबलावर मांडून तीन गठ्ठे केले, नुसतं मत सांगितलेली, कारण दिलेली, आणि कारणाला उदाहरण जोडलेली. निम्म्याहून जास्त पहिल्यातच, 'बस पाहिजे, मला बस आवडते', संपलं. मग पुढचे तास फक्त 'का पाहिजे' ह्यावरच घेतले, नाव झाकून एक चांगलं पान फळ्यावर उतरवलं आणि कुठलं वाक्य पटतंय ते पोरांनाच विचारलं, ऱ्हस्वदीर्घाचं लाल पेन सगळ्यात शेवटी. पोरं लिहायला लागली हो! अमेरिकेत 2010 साली कॉमन कोअर आलं, म्हणजे कुठल्या वर्गात काय यायला पाहिजे ते ठरवलं, तेव्हा पोरांच्या खऱ्या लेखनाचे नमुने चुकांसकट, वर टिपा देऊन शिक्षकांसमोर ठेवले. आम्ही तेवढंच मागतोय, आमच्या भाषेत.

त्या बाई अतिथी शिक्षिका, यंदा त्यांना घेतलंच नाही. आता एकच गुरुजी सगळे वर्ग एका खोलीत बसवून, माहिती भरत मोबाईलवर. मी शेतातलं काम टाकून ऑफिसात जातो तर अर्ज कन्नडमध्ये आणा म्हणतात, मला कन्नड बोलता येतं, लिहिता येत नाही, पोराच्या वहीसाठी दुसऱ्याच्या दारात बसून अर्ज लिहून घ्यायचा म्हणजे जीव नकोसा होतो.

1956 साली आम्हाला म्हैसूर राज्यात घातलं, त्याच वर्षी घटनेत 350-अ आलं, प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळायची सोय राज्यानं करावी म्हणून. 2004 पासून सुप्रीम कोर्टात सीमावादाची केस चाललीय, तुम्ही अधिवेशनाला बेळगावच्या सुवर्ण विधानसौधला येता, तिकडून महाराष्ट्राचे पुढारी भाषणं देतात, आणि चौथीतल्या पोराची वही उघडून बघायला दोघांकडंही माणूस नाही. कन्नडशी आमचं भांडण नाही, पोरं आवडीनं शिकतात. पण जे पोर स्वतःच्या भाषेत चार ओळी कारण देऊन लिहू शकत नाही ते उद्या कुठल्याच ऑफिसात उभं राहू शकणार नाही, आणि तुमच्या सिस्टीमला तेच सोयीचं पडतंय असं मला आता वाटायला लागलंय.

मराठी शाळांतली पानं जमवा, झेरॉक्स ठेवून मूळ पानं परत द्या, मराठी शिक्षकांना एकत्र बसवून ती वाचू द्या, त्यावरचं मार्गदर्शन मराठीत छापा. त्या बाईंना परत घ्या. आणि अधिवेशनाला बेळगावला याल तेव्हा भेटायला वेळ द्या, आम्ही एसडीएमसीची माणसं घेऊन येतो.

एक पालक, खानापूर तालुका