लायब्ररी हलवल्यावर ‘मिसिंग’ दिसणारी गाणी डिलीट करू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुळशीचे लग्न लागले की खान्देशात लग्नसराईची गडबड सुरू होते. दिवाळीच्या खरेदीत आलेल्या नव्या लॅपटॉपवर किंवा एसएसडीवर बँडवाले, साउंडवाले आणि डीजे आपली लायब्ररी, म्हणजे गाण्यांचा सगळा संग्रह, हलवतात तेही याच सुमारास. मग सॉफ्टवेअर उघडावे तर यादीभर लाल खुणा आणि उद्गारचिन्हे. अशा वेळी घाईत बरेच जण ‘मिसिंग’ गाणी एकदम निवडून डिलीट करतात आणि नवे फोल्डर पुन्हा आत ओढतात. गाणी परत दिसू लागतात खरी, पण वर्षानुवर्षे लावलेले क्यू पॉइंट (गाणे नेमके कुठून वाजवायचे त्या खुणा), बीपीएमच्या (मिनिटाला किती ठोके, या आकड्याच्या) दुरुस्त्या, रेटिंग आणि कोणत्या यादीत कोणते गाणे कितवे हा क्रम त्या एका डिलीटसरशी जातो. हे नुकसान पूर्णपणे टाळता येते, म्हणून हे सविस्तर पत्र.

आधी बिघाड कुठे होतो ते पाहू. डीजे सॉफ्टवेअर किंवा प्लेअर गाणे स्वतःच्या पोटात ठेवत नाही. त्याच्या डेटाबेसमध्ये फक्त गाण्याचा पूर्ण मार्ग (पाथ) लिहिलेला असतो, उदाहरणार्थ डी:\गाणी\कानबाई\रोट.एमपी३. त्यातले एक अक्षर बदलले तरी सॉफ्टवेअरच्या लेखी गाणे नाहीसे होते. सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले तेव्हा जमीन जिथल्या तिथेच होती, जुन्या नंबरने शोधणाऱ्याला मात्र ती कागदावर सापडत नव्हती. इथेही तसेच आहे. म्हणून नोंद पुसायची नसते, नोंदीतला मार्ग सुधारायचा असतो.

आपल्याकडे याचे महत्त्व जास्त आहे. हिंदी चित्रपटगीत गेले तर दहा मिनिटांत पुन्हा मिळेल. पण कानबाईच्या रात्री गावातल्या बायकांनी म्हटलेली गाणी, अखाजीची गौराईची गाणी, भुलाबाईची गाणी, जुन्या कॅसेटवरून उतरवलेली अहिराणी गाणी यांची दुसरी प्रत बहुतेकदा कुठेच नसते. आणि कानबाई आणण्यापासून सोमवारच्या विसर्जनापर्यंत कोणते गाणे कधी, हे ज्या यादीत नीट लावलेले असते, ती यादी गाण्यांइतकीच मोलाची आहे.

लायब्ररी हलवण्यापूर्वी सॉफ्टवेअर बंद करावे आणि त्याच्या डेटाबेसच्या फोल्डरची एक प्रत वेगळ्या पेनड्राइव्हवर काढावी. गाणी ‘कट’ करू नयेत, ‘कॉपी’ करावीत. कॉपी झाल्यावर जुन्या आणि नव्या फोल्डरवर राइट-क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’मध्ये फाइलींची संख्या आणि ‘साइझ’ जुळवावा. शेजारचा ‘साइझ ऑन डिस्क’ जुळणार नाही. दोन डिस्कचे क्लस्टर, म्हणजे साठवणुकीचे कप्पे, वेगवेगळ्या आकाराचे असले की तो आकडा बदलतो, त्याची काळजी नको. या टप्प्यावर फोल्डरांची नावे सुधारणे, दोन फोल्डर एकत्र करणे, ‘नवीन’, ‘नवीन २’ असली नावे नीट करणे, यातले काहीही करू नये. स्थलांतर आणि साफसफाई एकाच वेळी केली की तुटलेला मार्ग कशामुळे तुटला हेच कळेनासे होते. साफसफाई नंतर, सॉफ्टवेअरला बरोबर घेऊन करावी.

आता दुरुस्ती. फोल्डरांची आतली रचना तीच असेल आणि फक्त ड्राइव्हचे अक्षर बदलले असेल, तर डेटाबेसला हात लावायची गरजच नाही. विंडोजच्या बटणावर राइट-क्लिक करून ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडावे, गाण्यांच्या ड्राइव्हवर राइट-क्लिक करून ‘चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स’मधून जुने अक्षर द्यावे. ते अक्षर डीव्हीडी ड्राइव्हने किंवा एखाद्या पेनड्राइव्हने अडवले असेल तर आधी त्याला झेडवर पाठवावे. सी ड्राइव्हला मात्र हात लावू नये. बाहेरून जोडायच्या डिस्कची तक्रार सहसा हीच असते: आधी पेनड्राइव्ह लावला आणि मग डिस्क लावली की कालची ई आज एफ होते. अशा डिस्कला एम किंवा पी असे मागचे अक्षर एकदा दिले की त्या संगणकावर विंडोज ते लक्षात ठेवते. दुसऱ्या संगणकावर मात्र ते पुन्हा द्यावे लागते; वरातीत एकाचा लॅपटॉप आणि दुसऱ्याची डिस्क असते तेव्हा हे आधी घरी करून पाहावे, मांडवात नव्हे.

गाणी त्याच ड्राइव्हवर पण एका फोल्डरने आत गेली असतील, म्हणजे डी:\गाणी ऐवजी डी:\मीडिया\गाणी झाले असेल, तर जुन्या जागी ‘जंक्शन’, म्हणजे जुन्या मार्गावरून नव्या फोल्डरकडे नेणारा दुवा, करता येते. कमांड प्रॉम्प्टमध्ये एमकेलिंक, मग स्लॅश-जे, मग जुना मार्ग, मग नवा मार्ग, असा क्रम. तो उलटा झाला तर फाइल आधीच अस्तित्वात आहे म्हणून विंडोज नकार देते. मार्गात मोकळी जागा असेल तर तो अवतरणचिन्हांत घालावा. जंक्शन एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट केलेल्या डिस्कवरच होते, एक्सफॅटवर नाही, आणि पेनड्राइव्ह बहुधा एक्सफॅट किंवा फॅट-३२ असतात. नव्या लॅपटॉपवर डी ड्राइव्हच नसेल तर ‘सब्स्ट’ या कमांडने एखाद्या फोल्डरला डी म्हणता येते. ते संगणक बंद होईपर्यंतच टिकते, त्यामुळे तात्पुरत्या निभावणीपलीकडे त्याच्यावर विसंबू नये.

जागा आणि रचना दोन्ही बदलल्या असतील तर सॉफ्टवेअरची स्वतःची सोय वापरावी. रेकॉर्डबॉक्स या डीजे सॉफ्टवेअरमध्ये फाइल मेनूत ‘डिस्प्ले ऑल मिसिंग फाइल्स’ आणि तिथेच ‘रिलोकेट’ आहे. सेराटोत फाइल्सच्या पॅनेलमध्ये ‘रिलोकेट लॉस्ट फाइल्स’, ट्रॅक्टरमध्ये ‘चेक कन्सिस्टन्सी’नंतर ‘रिलोकेट’. नावाच्या शेवटी तीन एक्स असलेल्या ‘मिक्स’ या मोफत सॉफ्टवेअरमध्ये लायब्ररीच्या सेटिंगमध्ये ‘रिलिंक’ आहे. तिथे ‘रिमूव्ह’ दाबून फोल्डर नव्याने जोडू नये. आयट्यून्समध्ये एका हरवलेल्या गाण्याची जागा दाखवली की बाकीची गाणीही त्याच ठिकाणी शोधू का, असे ते विचारते. तिथे होय म्हणावे. कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये हे काम होण्याआधी नवे फोल्डर आत ओढू नये. एकदा ओढले की प्रत्येक गाण्याच्या दोन नोंदी होतात, एक जुनी क्यू पॉइंटवाली पण मार्ग तुटलेली, दुसरी कोरी पण चालणारी. मग एकेक नोंद निवडत बसावे लागते.

या आपोआप शोधण्यात एक मोठा धोका आहे. बरीच सॉफ्टवेअर गाणे फाइलीच्या नावावरून जुळवतात. कॅसेटवरून उतरवलेल्या संग्रहात प्रत्येक फोल्डरमध्ये ‘साइड ए’ आणि ‘साइड बी’ याच नावाच्या फाइली असतात, सीडीवरून घेतलेल्यांत ‘ट्रॅक ०१’. पूर्ण डिस्क शोधायला लावली की गौराईच्या नोंदीला भलत्याच कॅसेटची ‘साइड ए’ चिकटते, आणि लाल खूण गेल्यामुळे चूक कुणाच्या लक्षातही येत नाही. अशा संग्रहात एका वेळी एकच फोल्डर दाखवून शोध घ्यावा आणि गाण्याची लांबी पडताळावी. नव्याने कॅसेट उतरवणाऱ्यांनी तर फाइलीच्या नावातच गाव, वर्ष आणि कॅसेटचा क्रमांक घालावा.

एम-थ्री-यू प्रकारच्या याद्यांचे (प्लेलिस्टच्या फाइलींचे) काम सर्वांत सोपे. ती साधी मजकुराची फाइल असते, एका ओळीत एका गाण्याचा मार्ग; # ने सुरू होणाऱ्या ओळी टिपणीच्या असतात. नोटपॅडमध्ये उघडून कंट्रोल-एचने जुना मार्ग नव्याने बदलता येतो. अनेक याद्या असतील तर नोटपॅड प्लस प्लसमधले ‘रिप्लेस इन फाइल्स’ वापरावे, अर्थात याद्यांच्या फोल्डरची प्रत काढल्यावर. बदलताना ड्राइव्हचे अक्षर आणि शेवटचा स्लॅश दोन्ही शोधात घ्यावेत. केवळ डी:\गाणी शोधून एम:\संग्रह केले, तर डी:\गाणी जुनी\ याचे एम:\संग्रह जुनी\ होते आणि असे फोल्डर कुठेच नसते. शेवटच्या स्लॅशसह शोधले की ही चूक होत नाही. साठवताना एन्कोडिंग (अक्षरे साठवण्याची पद्धत) यूटीएफ-८ ठेवावे आणि फाइलीचा प्रकार एम-थ्री-यू-८ ठेवावा. जुन्या अँसी पद्धतीने साठवली तर सगळ्या देवनागरी नावांची प्रश्नचिन्हे होतात आणि ती परत अक्षरे होत नाहीत. यूटीएफ-८ निवडताना ‘बीओएम’ या फाइलीच्या सुरुवातीच्या अदृश्य चिन्हाविनाचे निवडावे, कारण काही प्लेअरना ते पहिल्या ओळीचा भाग वाटते आणि यादीतले पहिलेच गाणे वाजत नाही.

आयट्यून्सची एक्सएमएल यादी हाताने बदलू पाहणाऱ्यांना तिथे आपली अक्षरेच दिसणार नाहीत. तिथे मोकळी जागा %२० अशी लिहिली जाते आणि यूटीएफ-८मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइटचे असल्याने एका चिन्हाला ९ अक्षरांची टक्केवारी लागते. तिथे ड्राइव्ह आणि मूळ फोल्डर एवढाच भाग बदलावा. हा भाग रोमन अक्षरांत, आखूड आणि मोकळी जागा न सोडता ठेवलेला असेल तर अशा सगळ्या दुरुस्त्या फार सोप्या जातात. आतल्या फोल्डरांची आणि गाण्यांची नावे खुशाल देवनागरीत ठेवावीत.

पण देवनागरी नावांची एक खास अडचण आहे आणि ती डोळ्यांना दिसत नाही. ‘नवऱ्याची हळद’ असे फाइलीचे नाव घ्या. त्यातला ‘ऱ्या’ संगणकात तीन प्रकारे लिहिला जातो: ऱ हे एकच चिन्ह घेऊन हलंत आणि य, साधा र, त्याखाली नुक्ता (टिंब), मग हलंत आणि य, किंवा र, हलंत, एक अदृश्य जोडचिन्ह आणि य. पडद्यावर तिन्ही सारखे दिसतात, संगणकाला मात्र ती तीन वेगळी नावे आहेत. मोबाइलच्या कीबोर्डवर एक प्रकार उमटतो, संगणकावर दुसरा, आणि जुन्या पद्धतीच्या मॅक डिस्कवरून फाइल आली की एकसंध ऱचे र आणि नुक्ता असे दोन तुकडे होऊन येतात. ‘ॲ’चेही असेच, कधी एक चिन्ह तर कधी अ वर अर्धचंद्र. मार्ग तंतोतंत बरोबर दिसतो आणि तरी गाणे सापडत नाही, तेव्हा संशय इथे घ्यावा. नाव हाताने टाइप करू नये. फाइलीवर ‘रीनेम’ करून तिचे नाव तिथूनच कॉपी करावे आणि यादीत चिकटवावे.

यादी पुन्हा तुटूच नये म्हणून तिच्यात सापेक्ष मार्ग, म्हणजे यादीच्या जागेपासून मोजलेले, ठेवावेत. यादीची फाइल गाण्यांच्या मूळ फोल्डरातच ठेवायची आणि ओळीत फक्त कानबाई/रोट.एमपी३ एवढेच लिहायचे. मग ते फोल्डर उचलून कोणत्याही डिस्कवर, कार्डवर, लॅपटॉपवर न्या, यादी चालते. स्लॅश उजवीकडे झुकणारा वापरावा. तो विंडोजवर बहुतेक प्लेअरना चालतो, पण बॅकस्लॅश अँड्रॉइड आणि लिनक्सवर चालत नाही. मोबाइलवाल्यांना याचा मोठा उपयोग आहे, कारण अँड्रॉइड मेमरी कार्डाच्या मार्गात त्या कार्डाचा क्रमांक घालतो आणि कार्ड फॉरमॅट केले किंवा नवे घेतले की तो क्रमांक बदलतो. लिनक्सवर इंग्रजी लहान-मोठी अक्षरेही वेगळी धरली जातात, विंडोजवर नाहीत. त्यामुळे एका बाजूला चालणारी यादी दुसऱ्या बाजूला अडते.

गाणारीचे नाव, गाव, सण, ध्वनिमुद्रणाचे वर्ष ही माहिती मात्र डेटाबेसवर सोडू नये. ती गाण्याच्या टॅगमध्ये भरावी, कारण टॅग फाइलीच्या आत असतो आणि फाइल जिथे जाईल तिथे बरोबर जातो. एमपी३ साठी आयडी३ या टॅगच्या पद्धतीचा २.३ प्रकार निवडावा. जुन्या पहिल्या प्रकारात नावाला जेमतेम ३० बाइट मिळतात आणि देवनागरीची त्यात सोयच नाही. वेव्ह फाइलींमधले टॅग प्रत्येक प्लेअर वाचत नाही. कॅसेटची मूळ प्रत गुणवत्ता न गमावता ठेवायची असेल तर फ्लॅक बरे.

काम झाल्यावर केवळ लाल खुणा गेल्या म्हणून थांबू नये. प्रत्येक मोठ्या फोल्डरमधले एकेक गाणे, एखादे ‘साइड ए’ नावाचे, एखादे ऱ्या असलेले आणि एखादे खूप आतल्या फोल्डरमधले प्रत्यक्ष वाजवून पाहावे. पूर्ण मार्ग २६० अक्षरांच्या आसपास गेला की विंडोजवरची काही सॉफ्टवेअर फाइल उघडत नाहीत, म्हणून शेवटची तपासणी विसरू नये. संगणक एकदा बंद करून, डिस्क काढून, पेनड्राइव्ह आधी लावून मग डिस्क लावावी आणि तीच गाणी पुन्हा वाजवावीत. तोवर, आणि त्यानंतरही हातातल्या सुपाऱ्या पार पडेपर्यंत, जुनी डिस्क फॉरमॅट करू नये.

कळावे,
आपला,
एक वाचक
अमळनेर, जि. जळगाव