सायकलवाल्याने पाटी वाचावी तरी कशी

संपादक महोदय,

मी नेरूळचा, रविवारी पहाटे सायकल काढतो, पाम बीच रोडने बेलापूर आणि अंगात आलंच तर उलट फिरून ठाणे-बेलापूर रोडने ऐरोलीपर्यंत. आमचा स्पीड बेताचा त्यामुळे प्रत्येक पाटी नीट वाचून होते, कारवाल्यांना हे सुख कुठलं.

निळ्या गोलात सायकल म्हणजे ही वाट सायकलचीच, लाल गोलात म्हणजे बंदी, लाल त्रिकोणात म्हणजे पुढे सायकली रस्ता क्रॉस करतात, जपून. आता आमच्या इथे एक निळा गोल आहे, त्याच्या खाली बरोब्बर दोन टेम्पो उभे असतात, कायमचे (एकाच्या टपावर मांजर झोपतं). आणि एका फ्लायओव्हरची सायकलबंदीची पाटी लावलीय कुठे तर अर्धा चढ चढून झाल्यावर, दम लागलेला, मागून ट्रेलर हॉर्न मारतोय आणि आम्ही वाचतोय की इथे यायचं नव्हतं. त्यापेक्षा पुण्याचा एक्सप्रेसवे परवडला, दुचाकीला बंदी म्हणजे बंदी, विषय संपला.

सगळ्यात भारी पाटी गुलमोहराच्या फांदीमागची, दिसतं फक्त 'णे'. आमच्यातला एक नवखा म्हणाला, काका पुणे इकडून? अरे बाबा, ठाणे!

फांदी छाटायला दोनदा अर्ज दिलाय, तोपर्यंत झाड आणखी वाढलंय.

- एक सायकलवाला, नेरूळ